रिएझेचा गरीब विद्यार्थी
संत दहावे पायस पोप यांचे अल्पचरित्र

ज्युबिलीच्या वर्षी मागे वळून पाहण्याची आपल्यात चाल आहे. चर्चची इमारत कोणत्या साली उभी राहिली, घंटा कोणी अर्पण केली, वेदीचे नूतनीकरण कोणाच्या कारकिर्दीत झाले, या सर्वांची नोंद आपण मोठ्या आस्थेने करून ठेवतो, आणि तसे करणे योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाने कोणत्या गरीब मुलास शिकविले, त्याची फी कोणी भरली, त्याला पुस्तके व कपडे कोणी पुरविले, याची नोंद बहुधा कोठेच सापडत नाही. दगडाचुन्याचे काम डोळ्यांना दिसते, मुलाच्या ठायी केलेले काम दिसावयास पुष्कळ वर्षे लागतात, आणि ते दिसू लागेपर्यंत करणारे हात बहुधा मातीस मिळालेले असतात. इटली देशातील एका लहानशा खेड्याने असा एक मुलगा शिकविला. पुढे तो ख्रिस्तसभेचा प्रमुख झाला आणि आज आपण त्यास संत म्हणून वंदन करतो. त्याचे चरित्र आपणां सर्वांस, विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांस, बोधप्रद होईल अशी आशा आहे.

व्हेनिस शहराच्या वायव्येस त्रेव्हिझो प्रांतात रिएझे नावाचे खेडे आहे. त्या काळी तो मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अमलाखाली होता. या खेड्यात २ जून १८३५ रोजी जोव्हान्नी बातिस्ता सार्तो आणि मार्गेरिता सांसोन या दांपत्यास पुत्र झाला. दुसऱ्याच दिवशी त्यास बाप्तिस्मा देऊन त्याचे नाव जुझेप्पे मेल्कियोरे, म्हणजे आपल्या भाषेत योसेफ मेल्किओर, असे ठेवण्यात आले. घरात व गावात त्यास लाडाने बेप्पी म्हणत. बाप गावच्या कचेरीत निरोप्याचे काम करी. सरकारी कागद व टपाल घरोघर पोहोचविणे हा त्याचा रोजचा उद्योग. आई शिवणकाम करी. इटालियन भाषेत सार्तो या शब्दाचा अर्थ शिंपी असा आहे, आणि या घराची चूल पुष्कळ वेळा सुईवरच पेटली, तेव्हा हे आडनाव त्या कुटुंबास चांगलेच शोभत होते. या दांपत्यास एकंदर दहा मुले झाली. त्यांपैकी पहिले जन्मल्यानंतर थोड्याच काळात दगावले, त्यामुळे जुझेप्पे हाच घरातील थोरला ठरला.

गरिबाच्या घरी थोरला मुलगा असणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. तो जरासा हातापायाने मोठा झाला की बापाच्या डोळ्यांपुढे त्याच्या मिळकतीचे स्वप्न तरळू लागते. यात बापाचे प्रेम कमी असते असे नव्हे. ज्याच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळविणारे हात थोडे, त्यास मुलाची शाळा ही चैन वाटते. जोव्हान्नी बातिस्तासही आरंभी तसेच वाटले. परंतु गावच्या शाळेत बेप्पीची बुद्धी सर्वांच्या नजरेत भरू लागली होती. रिएझेचे प्रमुख धर्मगुरू फादर तितो फुझारिनी यांनी या मुलाचे तेज ओळखले. तो वेदीवर सेवा करी, आणि गावाजवळच असलेल्या चेंद्रोले येथील पवित्र मातेच्या मंदिरात जाऊन प्रार्थना करणे त्यास फार आवडे. आपणास धर्मगुरू व्हावयाचे आहे ही इच्छा त्याने लहानपणीच प्रकट केली होती. गावातील धर्मगुरूंनी त्यास लॅटिन भाषेचे पहिले धडे दिले आणि बापाची समजूत घातली. अखेर बाप राजी झाला. एका गरीब मनुष्याने आपल्या घासातील घास काढून दिलेला हा पहिला होकार होता. पुढील सर्व गोष्टी त्यावर उभ्या आहेत, म्हणून त्याचा विसर पडता कामा नये.

रिएझेपासून सुमारे ७ किलोमीटरवर कास्तेलफ्रांको हे गाव आहे. तेथील माध्यमिक शाळेत १८४६ साली बेप्पीचे नाव घालण्यात आले. तेथे राहण्याजेवण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, म्हणून तो रोज पायी जाई आणि पायी परत येई. थंडी असो वा पाऊस असो, अकरा वर्षांच्या या मुलाने हा क्रम आरंभिला आणि तो चार वर्षे चालविला. असे सांगतात की, वाटेने तो आपले जोडे हातात किंवा खांद्यावर घेऊन अनवाणी चाले आणि गावाच्या वेशीशी आल्यावर ते पायांत घाली. कारण जोडे झिजले तर दुसरे कोठून आणावयाचे, हे त्यास माहीत होते. खिशात भाकरतुकडा असे. पुढे धाकटा भाऊ अँजेलो हाही त्याच शाळेस जाऊ लागला, तेव्हा बापाने एक गाढव व लहानशी गाडी यांची सोय केली असेही सांगण्यात येते. अशा स्थितीत शिकूनही वर्षामागून वर्ष परीक्षेत हा मुलगा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होत गेला.

आता येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. पहिला क्रमांक ही मोठ्या अभिमानाची गोष्ट खरी. पण पहिल्या क्रमांकाने पुढील वर्षाची फी भरली जात नाही. चार वर्षांच्या अभ्यासाअंती, १८५० साली, बेप्पी सार्तोपाशी शिक्षकांची शाबासकी होती, गावाचे कौतुक होते, परंतु गुरुविद्यालयात जाण्यास लागणारा पैसा मात्र मुळीच नव्हता. कितीतरी बुद्धिमान मुले नेमकी याच उंबरठ्यावर येऊन थांबतात. बक्षिसाचे पुस्तक फळीवर धूळ खात पडते आणि ते मिळविणारा मुलगा कोणाच्या तरी दुकानी नाहीतर शेतात कामास लागतो. रिएझे गावीही असेच घडले असते, तर त्याबद्दल कोणी कोणास दोष दिला नसता.

परंतु फादर फुझारिनी केवळ कौतुक करून स्वस्थ बसणारे गृहस्थ नव्हते. पादुआ शहरी संत ग्रेगोरी बार्बारिगो यांनी १६७० साली नावारूपास आणलेले एक नामांकित गुरुविद्यालय होते. तेथील काही विनामूल्य जागांवर विद्यार्थी नेमण्याचा अधिकार व्हेनिसच्या पॅट्रिआर्ककडे असे. त्या वेळी त्या पदावर कार्डिनल याकोपो मोनिको हे होते, आणि दैवयोग असा की, तेही मूळचे रिएझे गावचेच, साध्या घरात जन्मलेले. फादरांनी खटपट करून आपल्या या विद्यार्थ्याचे नाव व त्याच्या परीक्षांचे निकाल त्यांच्यापर्यंत पोहोचतील अशी तजवीज केली. कार्डिनल मोनिको यांनी आपल्या गावच्या या अपरिचित मुलास ती जागा दिली. तरीही अंगावरचे कपडे, अंथरूणपांघरूण, पुस्तके हा खर्च उरलाच होता; त्यासाठी गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली असे सांगतात. अशा रीतीने १८५० सालच्या नोव्हेंबर महिन्यात, वयाच्या सोळाव्या वर्षात असलेला जुझेप्पे पादुआच्या गुरुविद्यालयात दाखल झाला.

ज्या हाताने हे दान दिले, तो हात थोड्याच महिन्यांत गार पडला. २५ एप्रिल १८५१ रोजी कार्डिनल मोनिको प्रभुचरणी विलीन झाले. आपण दिलेल्या जागेवर बसलेला मुलगा शिकून कसा निघाला, हे पाहण्यास ते राहिले नाहीत. दान करणाऱ्यास फळ पाहावयास मिळतेच असे नाही. त्याने बी पेरावे, पाऊस पाडणारा व पीक वाढविणारा वेगळा आहे.

पुढील वर्षी त्याहून कठीण प्रसंग आला. ४ मे १८५२ रोजी जोव्हान्नी बातिस्ता सार्तो मरण पावला. जुझेप्पेस सतरावे वर्ष पुरे होण्यास अद्याप एक महिना होता. आईचे वय अवघे एकोणचाळीस. पदरी जुझेप्पेसह आठ मुले. बापाची अल्पशी मिळकतही आता बंद झालेली. थोरल्या मुलाने शिक्षण सोडून घरी यावे आणि कर्त्याची जागा घ्यावी, असे कोणासही वाटणे स्वाभाविक होते. पुत्रधर्म तेच सांगतो असे त्या तरुणासही वाटले असल्यास नवल नाही. परंतु मार्गेरिता सांसोन हिने आपल्या मुलास परत बोलाविले नाही. तिने सुईदोरा अधिक घट्ट धरला. मुली हाताखाली आल्या, त्याही शिवणकामास बसल्या. मुलाने आपल्या ठिकाणी राहून अभ्यास करावा, घराचे ओझे आपण वाहू, हा तिचा निश्चय होता.

आपल्या आईबापांनी मुलांविषयी आशाआकांक्षा धराव्यात की नाही, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. आशा अवश्य धराव्यात. पण आशेच्या दोन जाती आहेत, आणि दोहोंत महदंतर आहे. एक आशा मुलाकडे हात पसरते. मी तुला शिकविले, आता तू मला मोठेपणा दे, असा तिचा हिशेब असतो. दुसरी आशा मुलाच्या पाठीशी उभी राहते आणि परमेश्वराने त्यास ज्या मार्गाने बोलाविले आहे, त्या मार्गावर त्यास जाऊ देते, मग तिला स्वतःला कितीही तोशीस पडो. मार्गेरिताची आशा या दुसऱ्या जातीची होती. आणि येथेच आणखी एक गोष्ट स्मरणात ठेवावयास हवी. घरातील एक मूल शिकते, तेव्हा त्याची किंमत बहुधा त्याची भावंडे देतात. जुझेप्पेच्या बहिणींना पादुआ दिसले नाही. त्यांच्या नावाने कोणतेही बक्षीस वाटले गेले नाही. त्यांच्या सुईच्या टाक्यांवर भावाची पुस्तके उघडली गेली. ते ऋण सार्तो यांनी जन्मभर मानले.

पादुआ येथील आठ वर्षांत जुझेप्पेने आपल्या उपकारकर्त्यांस लाज येऊ दिली नाही. गुरुविद्यालयाच्या दप्तरी त्याच्या वर्तनाविषयी, बुद्धीविषयी व स्मरणशक्तीविषयी उत्तमोत्तम शेरे आहेत. गाण्यातही त्याची गती चांगली होती, आणि शेवटी शेवटी तेथील गायकवृंदाचे नेतृत्व त्याच्याकडे आले होते. १८ सप्टेंबर १८५८ रोजी कास्तेलफ्रांकोच्या मुख्य चर्चमध्ये त्रेव्हिझोचे बिशप जोव्हान्नी अंतोनियो फारिना यांच्या हस्ते त्यांस गुरुदीक्षा मिळाली. वय नियमापेक्षा थोडे कमी, म्हणजे तेवीस, असल्याने त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली. ज्या गावच्या वेशीवर बेप्पी जोडे पायांत घालीत असे, त्याच गावी तो धर्मगुरू झाला. हे बिशप फारिना यांसही २०१४ साली ख्रिस्तसभेने संतपद दिले आहे.

नव्या धर्मगुरूंची पहिली नेमणूक तोंबोलो या खेड्यात झाली. तेथील लोक गुरांचे व्यापारी. स्वभावाने सरळ, पण तोंडाने फटकळ, आणि पुष्कळांस अक्षरओळखही नव्हती. तेथील प्रमुख धर्मगुरू सदा आजारी असत, त्यामुळे कामाचा सारा भार या तरुण सहायकावर पडे. तशाही स्थितीत फादर सार्तो यांनी प्रौढ माणसांसाठी रात्रीची शाळा काढली आणि त्यांस लिहावयास-वाचावयास शिकविले. या शिकवणीबद्दल आपण काय द्यावे, असे लोकांनी विचारले असता त्यांनी पैसा मागितला नाही. शिव्याशाप व देवनिंदा सोडून द्यावी, एवढीच फी त्यांनी मागितली, अशी आठवण तेथे सांगितली जाते. ज्यास विद्या दान म्हणून मिळाली होती, त्याने ती दान म्हणूनच वाटली.

१८६७ साली ते साल्झानो येथे प्रमुख धर्मगुरू झाले. १८७३ साली पटकीची साथ आली, तेव्हा आजाऱ्यांची शुश्रूषा व मृतांचा अंत्यविधी यांत त्यांनी रात्रंदिवस देह झिजविला. १८७५ पासून त्रेव्हिझोच्या गुरुविद्यालयात ते विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. १८८४ साली ते मांतुआचे बिशप झाले. तेथील गुरुविद्यालय तेव्हा फार खालावलेले होते व विद्यार्थी थोडे उरले होते. बिशपमहाशयांनी स्वतः वर्गावर उभे राहून शिकविले आणि ते पुन्हा भरभराटीस आणले. हाती आलेला पैसा त्यांच्यापाशी कधी टिकत नसे. गरजवंतांस देण्यासाठी त्यांनी आपल्या चिजा गहाण ठेवल्याच्या गोष्टी त्या प्रांतांत अजून सांगतात.

१८९३ सालच्या जून महिन्यात पोप तेरावे लिओ यांनी त्यांस कार्डिनल केले आणि व्हेनिसचे पॅट्रिआर्क नेमले. वाचकहो, हे पद कोणते ते आठवा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी याच पदावरून कार्डिनल मोनिको यांनी निरोप्याच्या मुलास विनामूल्य जागा दिली होती. आता तोच मुलगा त्यांच्या आसनावर बसण्यास निघाला. सरकारी संमती मिळण्यास उशीर झाल्याने त्यांचा नगरप्रवेश १८९४ सालच्या नोव्हेंबरात झाला. तो सोहळा पाहणे मात्र मार्गेरितेच्या दैवी नव्हते. मुलगा कार्डिनल झाल्याचे तिने पाहिले आणि २ फेब्रुवारी १८९४ रोजी तिने डोळे मिटले. मुलगा बिशप झाला तेव्हा त्याने आपली अंगठी आईस दाखविली आणि तिने आपल्या बोटातील लग्नाच्या साध्या अंगठीकडे बोट करून, ही नसती तर तीही नसती, अशा अर्थाचे उत्तर दिले, ही गोष्ट ख्रिस्ती घराघरांत सांगितली जाते. ती शब्दशः घडली असो वा नसो, तिच्यातील अर्थ सत्य आहे.

१९०३ साली पोप तेरावे लिओ निवर्तले. कार्डिनल सार्तो रोमला निघाले, तेव्हा परत येण्याचे तिकीट त्यांनी काढून ठेवले होते असे सांगतात. त्या तिकिटाचा उपयोग झाला नाही. ४ ऑगस्ट १९०३ रोजी त्यांची पोपपदी निवड झाली आणि त्यांनी दहावे पायस हे नाव धारण केले. एवढ्या उच्चपदी पोहोचूनही त्यांनी आपल्या घराण्यास उच्चपदी चढविले नाही. रोझा, मारिया व आन्ना या अविवाहित बहिणी रोममध्ये साध्या भाड्याच्या घरी साध्या वेषात राहिल्या. त्यांस सरदारकीचा किताब देण्याची सूचना पोपमहाराजांनी मान्य केली नाही. भाऊ अँजेलो मांतुआजवळच्या खेड्यात आपला साधा उद्योग करीत राहिला. बहिणींचे ऋण त्यांनी प्रेमाने फेडले, ख्रिस्तसभेच्या तिजोरीतून नव्हे.

त्यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत ख्रिस्तसभेत पुष्कळ सुधारणा झाल्या. त्यांतील मुलांविषयीच्या दोन येथे सांगितल्या पाहिजेत. १५ एप्रिल १९०५ रोजी काढलेल्या परिपत्रकाने त्यांनी सर्व धर्मगुरूंस आज्ञा केली की, दर रविवारी व सणाच्या दिवशी मुलामुलींस एक तास धर्मशिक्षण द्यावे, आणि प्रत्येक धर्मग्रामात त्यासाठी मंडळ असावे. पुढे ८ ऑगस्ट १९१० रोजी निघालेल्या आज्ञेने सुमारे सात वर्षांच्या, समज आलेल्या मुलास ख्रिस्तशरीर घेण्याची मोकळीक मिळाली. त्यापूर्वी कित्येक ठिकाणी मुलांस दहाव्या, बाराव्या वर्षापर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागे. आज आपल्या चर्चमध्ये शुभ्र वस्त्रे परिधान केलेली लहान मुले प्रथम ख्रिस्तशरीर घेण्यास वेदीकडे जातात, ती याच पोपमहाराजांनी उघडलेल्या दारातून जातात. परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळवावयाचे हे बक्षीस नव्हे, तर दुबळ्यास बळ देणारे हे अन्न आहे, असे त्यांचे मत होते. स्वतः प्रत्येक परीक्षेत पहिला आलेल्या मनुष्याने हे म्हणावे, यात मोठा अर्थ आहे. २८ डिसेंबर १९०८ रोजी मेस्सिना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा अनाथ झालेल्या बालकांच्या पालनपोषणासाठीही त्यांनी मदतीचा हात पुढे केला.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. त्या दुःखाने खचलेल्या पोपमहाराजांनी २० ऑगस्ट १९१४ रोजी देह ठेवला. मृत्युपत्रात संपत्तीची वाटणी नव्हती, कारण संपत्तीच नव्हती; आपल्या दारिद्र्याचा त्यांनी त्यात निःसंकोच उल्लेख केला आणि बहिणींच्या उदरनिर्वाहापुरती अल्पशी मासिक रक्कम मिळावी एवढी विनंती केली. ३ जून १९५१ रोजी त्यांस धन्य आणि २९ मे १९५४ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले. २१ ऑगस्ट हा त्यांचा सण आहे. त्यांच्या जन्मग्रामाने आपल्या नावापुढे त्यांचे नाव जोडून घेतले असून ते लहानसे घर आजही तेथे पाहावयास मिळते.

आपल्या धर्मग्रामात आज शाळांची उणीव नाही. बक्षीससमारंभ होतात, टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात. ते सर्व व्हावे. पण टाळी वाजविणाऱ्या प्रत्येकाने मनाशी विचारावे की, या मुलाची पुढील वर्षाची फी कोण भरणार आहे? ज्यास देवाने दिले आहे त्याने मोनिको व्हावे, आणि फळ पाहण्याची घाई करू नये. ज्यास देण्यासारखे नाही त्याने फादर फुझारिनींप्रमाणे योग्य दारी शब्द टाकावा. तेही दानच आहे. ज्या आईबापांचे मूल पहिले आले नाही, त्यांनी त्याचा पाणउतारा करू नये. रिएझेच्या त्या घरातील इतर मुलेही पहिली आली नव्हती, आणि त्यांच्यावाचून थोरल्याचे शिक्षण पुरे झाले नसते. आणि ज्या विद्यार्थ्यास कोणाच्या मदतीने शिकावयास मिळाले, त्याने ते लपवू नये व विसरूही नये, तर संधी येताच दुसऱ्या कोणास तरी हात द्यावा.

ज्युबिलीनिमित्त आपण अर्पण केलेल्या देणग्यांपैकी काही भाग एखाद्या गरजू मुलाच्या अथवा मुलीच्या पुस्तकांकडे वळला, तर पुढील ज्युबिलीच्या पुस्तिकेत लिहिण्यासारखे काही तरी आपण मागे ठेविले असे होईल. संत दहावे पायस आपल्या मुलांसाठी, त्यांच्या आईबापांसाठी व त्यांस शिकविणाऱ्यांसाठी प्रभूपाशी मध्यस्थी करोत.